मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनरी मुलांना आठवड्यात सुट्टी मिळते का? घरी फोन करता येतो का?

मिळते, पण पूर्ण दिवस नाही. आणि घरी फोन आता दर आठवड्याला करता येतो. सुट्टीच्या दिवसाला ते 'तयारीचा दिवस' म्हणतात, बऱ्याच ठिकाणी तो सोमवारी येतो. म्हणजे काय, तर कपडे धुणे, पांढऱ्या शर्टांना इस्त्री, आठवड्याचा किराणा, केस कापणे आणि वेळ उरलाच तर थोडं फुटबॉल किंवा बास्केटबॉल. संध्याकाळी पुन्हा छातीवर काळी नावाची पट्टी लावून कामाला. फोनचं म्हणाल तर फेब्रुवारी २०१९ पर्यंत तो साधारण नाताळ आणि मदर्स डेलाच करता यायचा, एरवी ईमेल किंवा पत्र. तेव्हापासून तयारीच्या दिवशी आईवडिलांना व्हिडिओ कॉलही चालतो.

बाकीचे दिवस साचेबद्ध: सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, धर्मग्रंथाचा अभ्यास, मग लोकांना भेटणे, शिकवणे, कुणाचं अंगण साफ करून देणे, रात्री साडेदहाला दिवे बंद. रविवारी चर्चमध्ये पाव आणि पाण्याचा प्रसाद (वाइन नाही, चहा-कॉफीही वर्ज्य). यातलं सगळ्यात अवघड मला वेळापत्रक वाटत नाही, जोडीदार वाटतो: चर्चने नेमून दिलेल्या माणसासोबत चोवीस तास, मुलांची सेवा २४ महिने, मुलींची १८. जोडीदार अधूनमधून बदलतात, एवढाच दिलासा.

हे चर्चच्या, सगळ्यांना वाचायला खुल्या असलेल्या मिशनरी नियमावलीवरून सांगतोय. मात्र देशागणिक तिथल्या मिशनरींचा प्रमुख तयारीचा वार आणि उठण्या-झोपण्याच्या वेळा थोड्या मागेपुढे करू शकतो.