फाजील म्हणजे नुसतं जास्त नव्हे

प्रश्न असा आला आहे. एका लेखात ‘आजीआजोबांचे फाजील लाड’ असं लिहिलं होतं. मुद्रितशोधकाने ते ‘जादा लाड’ केलं आणि शेरा मारला, ‘फाजील म्हणजे जास्तच ना? मग सोपा शब्द वापरा.’ हे बरोबर का? जोडीला उपप्रश्न: ‘फाजील आत्मविश्वास’ म्हणावं की ‘अतिआत्मविश्वास’?

‘जादा लाड’ वाचून मला तरी गर्दीच्या दिवसांत सोडतात त्या जादा गाड्याच आठवल्या. जादा हा हिशेबातला शब्द. ठरलेल्या आकड्यावर आणखी काही, एवढंच तो सांगतो. जादा तास, जादा भाडं. बोलणाऱ्याने नाक मुरडलंय असं त्यात काही दिसत नाही. फाजील म्हटलं की मुरडलेलं नाक आधी दिसतं आणि आकडा मागे राहतो. लाड किती झाले हे कुणी मोजलेलं नसतं. ते वाजवीपेक्षा जास्त झाले, हे बोलणाऱ्याचं मत असतं.

शब्द कशाकशाला लागतो ते तपासून बघा. भाजीत मीठ जास्त पडतं, फाजील पडत नाही. पाऊसही फाजील होत नाही, त्याची अतिवृष्टी होते. फाजील लागतो तो माणसाच्या वागण्याला आणि स्वभावाला: फाजील उत्साह, फाजील चौकशा, फाजील कौतुक, फाजील धाडस. आता या यादीकडे परत बघा. यातली बहुतेक प्रमाणात असली तर हवीच असतात. उत्साह हवा, कौतुक हवं, लाडही हवेत. ‘फाजील द्वेष’ किंवा ‘फाजील क्रौर्य’ मात्र कानाला खटकतं, कारण द्वेषाला वाजवी असं प्रमाणच नाही, मग त्याच्यावर उरणार काय? माझ्या मते फाजीलची खरी ओळख हीच: चांगल्या गोष्टीची ओलांडलेली मर्यादा.

मूळ शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. त्याच्या धातूत ‘उरणे, वरचढ असणे’ असा भाव आहे. वर उरलेलं ते फाजील, आणि इतरांहून वरचढ तोही फाजील. म्हणून उर्दूत ‘आलिम-फाजिल’ म्हणजे मोठा विद्वान. अफजल हे नावही याच धातूचं, ‘अधिक श्रेष्ठ’ अशा अर्थाचं. म्हणजे अफजलखानाचं नाव आणि आपले फाजील लाड एकाच घरचे! मराठीने श्रेष्ठपणाचा अर्थ सोडला आणि उरलेपणाचा ठेवला. जुन्या जमाखर्चात वर उरणाऱ्या रकमेला फाजील म्हणत. तिथे त्याला वाईट वास नव्हता, तो पुढे चिकटला.

इतका चिकटला की ‘फाजीलपणा करू नकोस’ असं पोराला दटावताना त्यात जास्त-कमीचा हिशेब उरतच नाही. ‘आगाऊपणा करू नकोस’ हाच त्याचा अर्थ. आगाऊ शब्दाची वाटही अशीच वाकडी आहे. आगाऊ रक्कम म्हणजे आधी दिलेली, आगाऊ पोरगा म्हणजे नको तिथे पुढे पुढे करणारा. अरबीतही याच कुळातल्या ‘फुजूली’चा अर्थ नसत्या चौकशा करणारा असा होतो. बेताबाहेर गेलेला माणूस लगेच दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतो, असं दोन्ही भाषांना वाटलेलं दिसतं.

‘अतिरिक्त’ही अर्थाने उरलेलंच. त्यातला ‘रिक्त’ आणि रिकामा या अर्थाचा ‘रिक्त’ एकाच धातूचे, रिच् म्हणजे रिकामं करणं, मागे सोडणं. पण हा शब्द सरकारदरबारी निर्विकार राहिला. अतिरिक्त आयुक्तांना कुणी फाजील आयुक्त म्हणून पाहावं, म्हणजे फरक कळेल. त्याचाच भाऊ ‘अतिरेक’ मात्र बिघडला, आणि ‘अतिरेकी’ तर थेट हातात बंदूक घेऊन बातम्यांत गेला.

राहिला आत्मविश्वास. ‘अतिआत्मविश्वास’ चूक नाही, रुळलाही आहे. संधी करायची हौस असेल तर तो ‘अत्यात्मविश्वास’ होईल, जसा अति आणि आचार मिळून अत्याचार झाला. पण तसं लिहायला कुणी धजावणार नाही. मला ‘फाजील’च आवडतो. तो बोलण्यातला आहे, उच्चारताना जीभ अडखळत नाही, आणि ‘त्याला फाजील आत्मविश्वास नडला’ या वाक्यात जो टोमणा आहे तो ‘अति’मध्ये येत नाही. तेव्हा लेखातले लाड फाजीलच राहू द्या.

लिहिताना ‘जी’ दीर्घ. उर्दूत तो ऱ्हस्व आहे, पण शामिलचं आपण सामील केलं तसंच हेही. आणि फाजीलपणातून फजिती होते हे खरं असलं तरी शब्दांचं नातं नाही. फजिती ‘फजीहत’वरून आली, तिचा धातू वेगळा.