२०१६-१७ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, मिझोरमच्या ऐझॉल एफसीने मिळवलेले विजेतेपद हा निव्वळ चमत्कार होता का, आणि आज तसे पुन्हा घडू शकेल का?

आपल्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हे विजेतेपद अनपेक्षित होते, यात वाद नाही. पण त्यामागची बहुतेक कारणे बोट ठेवून दाखवता येतात आणि त्यांतली काही तर थेट मुंबईतून मिझोरमला गेली होती. मी त्या काळात मुंबई एफसीचे सामने मुंबईतल्या कूपरेज मैदानावर नियमित पाहत असे, म्हणून त्या हंगामाची गुणतालिका मी नेहमी दोन्ही टोकांनी वाचतो. सर्वांत वर ऐझॉल होते आणि सर्वांत खाली मुंबई. या दोन टोकांना जोडणारा माणूस एकच होता, तो म्हणजे प्रशिक्षक खालिद जमील.

सुरुवात मात्र एक हंगाम आधीपासून करावी लागेल. ऐझॉल २०१५-१६ मध्ये पहिल्यांदा आय-लीग खेळले आणि नऊ संघांत आठवे आले. नववा, म्हणजे शेवटचा संघ पुण्याचा डीएसके शिवाजियन्स होता. पण त्या संघाला कंपनीच्या बळावर थेट प्रवेश मिळालेला असल्याने खाली न घसरण्याचे संरक्षण होते. त्यामुळे शेवटून दुसरे असूनही ऐझॉलवर दुसऱ्या श्रेणीत जाण्याची वेळ आली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी फेडरेशन चषकाच्या अंतिम फेरीपर्यंत मजल मारली होती, हे लोक सहसा विसरतात. गुवाहाटीतल्या त्या अंतिम सामन्यात मोहन बागानने त्यांचा ५-० असा धुव्वा उडवला हे खरे. पण मोठ्या संघांना बाद पद्धतीच्या स्पर्धेत मागे टाकून अंतिम फेरी गाठणारा संघ दुबळा नव्हता, एवढे तेव्हाच दिसले होते.

त्यानंतर गोव्यात मोठी उलथापालथ झाली. इंडियन सुपर लीगला (आयएसएल) देशाची सर्वोच्च लीग करण्याचा आराखडा भारतीय फुटबॉल महासंघाने पुढे आणल्यावर साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा हे दोन्ही संघ निषेध म्हणून आय-लीगमधून बाहेर पडले आणि पुढे, दुसरी श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही पाय मागे घेतला. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नव्हते. धेंपोने चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते जिंकले होते. अशा प्रदेशातले तीन मातब्बर संघ एकाच वर्षी निघून जाणे ही भारतीय फुटबॉलची फार मोठी हानी होती आणि ती भरून निघाली असे मला आजही वाटत नाही. पण त्यामुळे जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला पुन्हा आत घेण्यात आले. आपल्याला ज्याला नशीब म्हणायचे असेल ते एवढेच. पुढचे अठरा सामने मात्र खेळूनच जिंकावे लागले.

खालिद जमील यांनी मुंबई एफसीची सूत्रे २००९ मध्ये घेतली आणि सात हंगाम सांभाळली. खेळाडू म्हणून महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, दुखापतींनी लवकर मैदानाबाहेर बसवलेला हा माणूस. त्याच्या हाती कधी भरपूर पैसा नव्हता, पण त्याच्या काळात मुंबई एफसी एकदाही खाली घसरली नाही. तरीही कूपरेजच्या प्रेक्षकांत त्यांच्याविषयी कुरकुर असायची आणि ती अगदीच निराधार नव्हती. संघ मागे दाटीवाटीने उभा राही, मधली फळी बचावफळीला जवळजवळ खेटून असे, चेंडू मिळाला की तो फारसा न खेळवता पुढे धाडला जाई आणि गोल बहुधा कॉर्नर, फ्री किक किंवा कुणाला तरी लागून उडालेल्या चेंडूवर होत. १-० अशी आघाडी मिळाली की पुढची चाळीस मिनिटे आम्ही जीव मुठीत धरून बसायचो. २०१६ मध्ये क्लबने त्यांच्याऐवजी दुसरा प्रशिक्षक आणला आणि खालिद ऐझॉलला गेले.

ते एकटे गेले नाहीत. मुंबईचा जयेश राणे आणि त्यांच्याच तालमीत वाढलेला उजव्या बगलेचा बचावपटू आशुतोष मेहता हेही ऐझॉलच्या संघात आले. गोलरक्षक आल्बिनो गोम्स हा गोव्याचा होता. हे तिघे महागडे खेळाडू नव्हते, पण प्रशिक्षकाला काय हवे आहे हे निदान त्यांतल्या दोघांना ठाऊक होते आणि नवख्या संघात अशा दोन माणसांचे मोल फार असते. सराव कसा करायचा, बचावाची रेषा किती मागे ओढायची, कधी धावायचे आणि कधी थांबायचे हे ते बाकीच्यांना मैदानावरच दाखवू शकतात. त्या वेळी प्रत्येक संघाला चार परदेशी खेळाडू घेता येत आणि त्यांपैकी एक आशियाई असावा लागे. ऐझॉलने आशियाई जागेवर सीरियाचा महमूद अल अमना घेतला आणि माझ्या मते त्या वर्षीची देशातली ही सर्वोत्तम निवड होती. लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान मधल्या फळीत चेंडू हिसकावण्याचे काम करी, त्यामुळे अमनाला मान वर करून पास देण्याची उसंत मिळे. मुंबईत खालिद यांच्याकडे नेमका असा खेळाडू नव्हता. बचावाची शिस्त जुनीच राहिली, पण चेंडू हाती आल्यावर त्याचे काय करायचे याचे उत्तर पहिल्यांदा मिळाले.

तिसरा धागा मिझोरमचा स्वतःचा आहे आणि तो सर्वांत जाड आहे. २०११ च्या जनगणनेत उणीपुरी अकरा लाख लोकसंख्या असलेले हे राज्य, ऐझॉल शहराची वस्ती तीन लाखांच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याच्या शहराएवढी. पण तिथल्या प्रत्येक ‘वेंग’ची, म्हणजे वस्तीची, फुटबॉलची ओढ जबरदस्त आहे. २०१२ मध्ये मिझोरम प्रीमियर लीग सुरू झाली आणि दोनच वर्षांत, २०१४ मध्ये, राज्याने संतोष करंडक, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला. खेळाडू नियमित स्पर्धेत खेळू लागले की काय होते याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. झोमिंगलियाना राल्ते, लालदानमाविया राल्ते, ब्रँडन वनलालरेमदिका, विल्यम लालनुनफेला ही मुले याच मातीतली. त्यांचा वेग आणि दमसास पाहता खालिद यांची बचावात्मक मांडणी मुंबईत वाटे तशी कंटाळवाणी राहिली नाही, कारण चेंडू सुटला की दोन्ही बगलांतून माणसे अक्षरशः उधळत पुढे जात.

क्लबचे वर्षाचे अंदाजपत्रक दोन कोटी रुपयांच्या आसपास असल्याचे त्या वेळच्या बातम्यांत वारंवार आले. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही संघांच्या आणि बंगळुरूच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ होती.

आता प्रत्यक्ष हंगाम. ७ जानेवारी २०१७ ते ३० एप्रिल, दहा संघ, प्रत्येकी १८ सामने. ऐझॉलने सलामीलाच ईस्ट बंगालला त्यांच्या घरी १-१ असे रोखले, पण तेव्हा त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. गतविजेत्या बंगळुरूचे लक्ष आशियाई क्लबांच्या एएफसी चषकाकडेही होते आणि हंगामाच्या मध्यावर त्यांचा संघ विजयच विसरला. शेवटी ते चौथे आले. ईस्ट बंगालने सुरुवात झोकात केली, २००४ नंतरचे पहिले विजेतेपद जवळ आल्यासारखे वाटले, पण उत्तरार्धात त्यांची घसरगुंडी झाली आणि प्रशिक्षक ट्रेव्हर मॉर्गन यांनी राजीनामा दिला. राहिले मोहन बागान. सोनी नोर्दे, कात्सुमी युसा आणि स्वतः मिझो असलेला जेजे लालपेखलुआ अशी माणसे असलेला संजय सेन यांचा हा संघ निःसंशय देशातला सर्वांत गुणवान संघ होता.

२२ एप्रिलला हे दोघे ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर समोरासमोर आले तेव्हा दोघांचेही ३३ गुण होते आणि दोघांचेही दोनच सामने उरले होते. हे मैदान डोंगराच्या कुशीत, कृत्रिम हिरवळीचे. चेंडू तिथे वेगाने धावतो आणि उंच उसळतो. बागानला बरोबरीही चालली असती असे त्यांच्या खेळावरून वाटत होते, आणि ऐझॉल मात्र नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध पुढे सरकून खेळत होते. ८३ व्या मिनिटाला चेंडू गोलसमोर उंच आला आणि झोमिंगलियाना राल्तेने सर्वांच्या वर उडी घेऊन हेडर मारला. १-०. हा गोल मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. राल्ते बचावपटू, चेंडू येण्याआधी तो आपल्या खेळाडूपासून अर्धे पाऊल मागे सरकतो आणि मग धावत येऊन उडी मारतो, तर त्याच्यावर नेमलेला खेळाडू जागच्या जागी उडतो. सारा फरक तेवढ्या अर्ध्या पावलाचा आहे. कूपरेजवर अशा हालचाली आम्ही वर्षानुवर्षे पाहिल्या होत्या, म्हणून त्या गोलात मला सरावाचा घाम दिसतो.

शेवटच्या दिवशी ऐझॉलला शिलाँग लाजोंगविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. डोंगरांतून रात्रभराचा प्रवास करून हजारो मिझो प्रेक्षक शिलाँगच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर पोहोचले होते. लाजोंगला त्या सामन्यातून काहीच मिळवायचे नव्हते, तरी त्यांनी मनापासून खेळ केला आणि याबद्दल त्यांचे कौतुक व्हायला हवे. नवव्या मिनिटालाच दिपांडा डिकाने, म्हणजे त्या हंगामात ११ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळवणाऱ्या खेळाडूने, लाजोंगला आघाडी मिळवून दिली. तिकडे कोलकात्यात बागान चेन्नई सिटीविरुद्ध खेळत होते. जवळजवळ तासभर ऐझॉल मागे होते. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि उरलेली पंचवीस मिनिटे ऐझॉलने मुंबई एफसीसारखी खेळून काढली, हे मी पूर्ण आदराने म्हणतो. बागानने आपला सामना २-१ असा जिंकला. ऐझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाचा विजेता होण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच दिवसांत मुंबई एफसी तळाला राहून खाली घसरली. हंगामाच्या मध्ये प्रशिक्षक बदलूनही उपयोग झाला नाही आणि थोड्याच काळात क्लबच बंद पडला. डीएसके शिवाजियन्सचाही तो शेवटचा आय-लीग हंगाम ठरला. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये मुंबईला मिळवून दिलेले राष्ट्रीय लीगचे विजेतेपद आणि पुढे २०१० मध्ये झालेले त्यांचे विसर्जन आठवले, तर एका दशकाच्या आतबाहेर महाराष्ट्रातून किती संघ गेले याचा अंदाज येतो. पैसा मुंबई-पुण्यात मिझोरमपेक्षा कमी होता असे कुणी म्हणू शकणार नाही. कमी पडली ती सबुरी, आणि स्थानिक स्पर्धांतून घडणाऱ्या खेळाडूंची रांग.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे. २०१६-१७ चा हंगाम हा आय-लीग एकटीच देशाची अधिकृत सर्वोच्च लीग असल्याचा शेवटचा हंगाम होता. त्याच वर्षी आशियाई फुटबॉल महासंघाने आय-लीग आणि आयएसएल या दोन्ही लीग एकाच वेळी खेळवण्यास मान्यता दिली, बंगळुरू आयएसएलमध्ये गेले आणि ऐझॉलच्या विजेत्या संघातले बहुतेक खेळाडू, प्रशिक्षकासह, वर्षभरात पांगले. खालिद ईस्ट बंगालकडे गेले. २०१८ च्या सुरुवातीला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब अहानकडून ऐझॉल १-३ असे हरले, पण तोवर तो संघ वेगळाच झाला होता. जिंकल्याबरोबर क्लबला आपले सर्वोच्च श्रेणीतले स्थान टिकावे म्हणून जाहीरपणे भांडावे लागले, ही गोष्ट मला त्या साऱ्या प्रकरणातली सर्वांत अन्यायाची वाटते.

२०२२-२३ पासून आय-लीग अधिकृतपणे दुसऱ्या क्रमांकाची लीग झाली आणि तिच्या विजेत्याला आयएसएलमध्ये बढतीचा मार्ग मिळाला. पंजाब एफसी आणि त्यानंतर मोहम्मेडन स्पोर्टिंग याच मार्गाने वर आले. म्हणजे दार आता किलकिले आहे. पण वर आलेल्या संघाने दोन कोटींत पहिल्याच वर्षी बाजी मारावी, अशी परिस्थिती मला दिसत नाही, कारण एखादा अमना किंवा जारयान चमकला की खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या पुढच्या खिडकीत त्याची किंमत लहान क्लबच्या आवाक्याबाहेर जाते. प्रशिक्षकांच्या बाबतीत मात्र मी आशावादी आहे. खालिद यांनी नंतर नॉर्थईस्ट युनायटेडला आयएसएलच्या बाद फेरीत नेले, जमशेदपूर सांभाळले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचा संघ आजही मागे दाटीवाटीने उभा राहतो.