सासऱ्यांचा ट्रॅक्टर: दुरुस्त करू की बदलू?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. सासऱ्यांनी २०१२ साली घेतलेला १८ एचपीचा छोटा ट्रॅक्टर अजून चालतो. मामा दोन वर्षांपूर्वी गेले. आता ट्रॅक्टर निळा धूर सोडतो, ऑइल खातो, फवारणीचा ब्लोअर लावला की दमतो. मेकॅनिक म्हणतो इंजिन उतरवावं लागेल, ४५ हजार. डीलर जुना ९० हजारांत धरतोय, वर तीन लाख भरायचे. मुलाला नवाच हवाय, माझं मन धजत नाही. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. काय करू?

उत्तर : ताई, घरात सगळे इंजिनाबद्दल बोलताहेत, मी आधी ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचं विचारतो. पिंपळगावला तीस वर्षं गॅरेज चालवताना माझ्या हातून एक चूक झाली, ती अजून सलते. एका बागाईतदाराचं इंजिन मी नव्यासारखं करून दिलं आणि ऐन फुलोऱ्यात त्याचा गिअरबॉक्स गेला. डाऊनीचं, म्हणजे केवडा रोगाचं, वातावरण आणि फवारणी चार दिवस बंद. तेव्हापासून गिअरबॉक्स, अवजार उचलणारं हायड्रॉलिक आणि अवजार फिरवणारा मागचा दांडा, म्हणजे पीटीओ, बघितल्याशिवाय मी इंजिनाला पाना लावला नाही.

रोटर (रोटाव्हेटर) उचलून इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटांत तो खाली टेकला तर बहुतेक हायड्रॉलिकचे सील गेलेत. ते काम मोठं नाही. पण उतारावर रेस सोडली की गिअर निसटत असेल आणि पीटीओ चालू करताच मागून खरखर येत असेल, तर त्या ट्रॅक्टरचा खर्च थांबत नाही. तो देऊन टाका.

मागची बाजू भक्कम निघाली तरच धुराकडे या. सकाळी थंड इंजिन चालू करा. निळा धूर मिनिटभरात विरला तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय, लोडवर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. मग पदर खोचून, फॅनपासून लांब राहून, ऑइल भरायचं झाकण उघडा आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. ते नाचायला लागलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, रिंगांवरून खाली ऑइलमध्ये निसटतोय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय. तेव्हा आधी हेड गॅस्केट बघायला सांगा.

आणि मेकॅनिकला विचाराच, बोअर झिजला कशानं? बागेत माती आणि गंधकाची भुकटी उडते. एअर क्लीनरमधलं तेल वेळेवर बदललं नाही किंवा त्याचा रबरी पाइप चिरला, तर ती धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. तो पाइप तसाच ठेवून नव्या रिंगा टाकल्या तर पुढच्या हंगामात तुम्ही मला हेच पत्र लिहाल. ब्लोअरला दमणंही कधी कधी नुसत्या तुंबलेल्या फिल्टरमुळे किंवा इंजिनात डिझेल सोडणाऱ्या नोझलमुळे असतं. ४५ हजारांत लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँकचं ग्राइंडिंग, नोझल यांतलं काय काय धरलंय ते कागदावर घ्या, आणि काढलेले जुने भाग परत मागा.

डीलरकडे मात्र जुन्याचं नाव न काढता आधी नव्याची रोख किंमत विचारा. जुन्याला ९० हजार देतो म्हणताना नव्यावरची सूट कित्येकदा त्यातच जिरवलेली असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तो दरात उतरलाय का बघा. ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा करही १८ वरून ५ वर आलाय, म्हणून दुरुस्तीच्या बिलात कोणत्या भागाला कोणता दर लावलाय तेही बघा.

आरसी अजून मामांच्या नावावर असेल तर विकणं सोपं नाही. वारसाच्या नावावर करायला आरटीओत नमुना ३१ भरावा लागतो. बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवा. विकायचा नसला तरी हे करून घ्या, उद्या अपघात झाला तर विम्याच्या वेळी हेच आडवं येतं.

माझा कौल विचाराल तर अडीच एकरासाठी तीन लाखांचा बोजा नको. मागची बाजू चांगली असेल तर इंजिनचं काम करा. मुलाचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरू शकतं : ब्लोअरला जर २४ एचपी लागत असतील तर दुरुस्त केलेलं इंजिनही दमेल. ब्लोअरच्या पाटीवर काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला सांगा.

काम छाटणीच्या पंधरा दिवस आधी उरकून ट्रॅक्टर घरी आणा. नव्या रिंगा बसेपर्यंत, निदान पहिले वीस-पंचवीस तास, त्याला हलक्या ट्रॉलीची कामं द्या, मग ऑइल बदला आणि त्यानंतरच ब्लोअरला जुंपा.