वळवाच्या वादळात नांगरावरची होडी

प्रश्न : माझी अठरा फुटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. मे महिन्यात खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून गळाने मासे धरतो. संध्याकाळी वळीव आला की नांगर सुटतो. जड नांगर घ्यावा का?
– एक वाचक, रायगड जिल्हा

उत्तर : नांगराच्या वजनाआधी दोराची लांबी बघा. दिवसभर खारा वारा पश्चिमेकडून वाहतो आणि नांगर त्याच ओढीने चिखलात रुततो. वळवाचे ढग बहुधा सह्याद्रीवर तयार होऊन किनाऱ्याकडे सरकतात. त्यांच्या पोटातून उतरणारी गार हवा पावसाच्या आधीच पूर्वेकडून झोडपते. होडी गर्रकन फिरते, नांगराला उलट्या बाजूने हिसका बसतो आणि तो उपटला जातो. दोर आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने लागते, मग पुन्हा रुतायला त्याला वावच राहत नाही.

म्हणून वारा एकदम पडला, हवा गार झाली की लगेच नांगराचा आणखी दोर पाण्यात सोडून त्याची लांबी वाढवा. हिशेब असा : पाणी 3 मीटर, भरतीचे अजून 2 मीटर चढायचे, नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची 1 मीटर, एकूण 6. एरवी याच्या पाचपट, म्हणजे 30 मीटर दोर चालतो. वादळात सातपट, 42 मीटर हवा. भरतीचे पाणी हिशेबात धरायला बरेच जण विसरतात. होडी तेवढ्या दोरावर चहूबाजूंनी फिरणार, तेव्हा आसपास खडक, दुसरी होडी, मासेमारीचे खुंट नाहीत ना, हे नांगर टाकतानाच बघायचे.

नांगराला लागून निदान 5 मीटर साखळी आणि पुढे नायलॉनचा दोर ठेवा. नायलॉन ताणला जातो, हिसका खातो. तरंगणारा प्लास्टिकचा दोर तेवढा ताणत नाही. चार नख्यांचा नांगर खडकात चांगला, खाडीच्या मऊ चिखलात तो नांगरणी करत जातो. तिथे रुंद पात्यांचा घ्या. दोर नाळेवर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

नांगर कधीही मागून बांधू नका. इंजिनाकडची फळी बुटकी असते, दोन लाटांत होडी भरते.

दोरावर हात ठेवा : थरथर किंवा थांबून थांबून धक्के जाणवले तर नांगर फरफटतो आहे. आधी आणखी दोर सोडा. तरी थांबेना, तर इंजिन अगदी मंद पुढे चालवून दोरावरचा ताण फक्त हलका करा. दोर सैल पडू देऊ नका, पंख्यात गुंतला तर इंजिनही गेले. मागे खडक असेल आणि नांगर धरतच नसेल, तर दोराच्या टोकाला बोया (तरंगती खूण) बांधून सगळा सोडून द्या. इंजिन मात्र त्याआधी चालू हवे.

प्रश्न : अशा वेळी विजेपासून होडीत काय करावे?

उत्तर : वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. त्याआधीच लाइफ जॅकेट घाला, गळाच्या काठ्या आडव्या ठेवा. फायबर विजेपासून वाचवत नाही. होडीच्या मध्यावर खाली बसा, हात पाण्यात नको, धातूला आणि ओल्या दोराला कामापुरतेच हात लावा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे तसेच थांबा. निघण्यापूर्वी फोनवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ अ‍ॅप बघावे. संकटात तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, व्हीएचएफ रेडिओ संच असेल तर वाहिनी 16.