भरलेली तसबीर धुवावी का?

प्रश्न : आजेसासूबाईंनी मॅटीवर फुलीच्या टाक्याने भरलेले राधाकृष्णाचे चित्र सदाशिव पेठेतल्या वाड्यात होते. वाडा पाडला, आता ते फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायचे आहे. कापडावर तपकिरी डाग पडलेत, मागचा पुठ्ठा ठिसूळ झालाय. धुऊन नवी फ्रेम करावी का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : धुण्याची घाई अजिबात करू नका. डाग बहुधा पुठ्ठ्याचेच असतील. स्वस्त पुठ्ठ्यातले आम्ल वर्षानुवर्षे कापडात उतरते, कापड पिवळे पडते आणि तंतू कमजोर होतात. म्हणून पुठ्ठा काढणे हे पहिले काम. चित्र पांढऱ्या सुती कापडावर पालथे ठेवा, बारीक खिळे पक्कडीने काढा. खळीने चिकटलेला भाग ओढू नका, तिथे थांबा आणि कापडाचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

धूळ काढताना चित्रावर मच्छरदाणीची जाळी धरून व्हॅक्यूम क्लीनर सर्वांत कमी वेगावर फिरवा. रंग पक्का आहे का, हे मागच्या बाजूने पाहा : प्रत्येक रंगाच्या धाग्यावर पाण्याचा एक थेंब टाकून पांढरा टिपकागद अर्धा मिनिट दाबायचा. लाल आणि काळा विसरू नका. राधेच्या ओढणीचा लाल एकदा शेजारच्या पांढऱ्या कापडात उतरला, की तो निघत नाही. एका रंगाचा जरी डाग उमटला, तरी पाणी वर्ज्य. सगळे रंग टिकले तरी कुजलेले तंतू ओले झाल्यावर स्वतःच्या वजनाने तुटू शकतात, त्यामुळे घरी धुऊ नयेच. ब्लीच तर कधीच नाही.

फ्रेमवाल्याला आम्लरहित बोर्ड मागा. त्यावर धुऊन खळ काढलेले सुती कापड ताणा आणि चित्राच्या कडा त्या कापडाला बारीक सुती धाग्याने शिवा. फेविकॉल, चिकटपट्टी नको. काच टाक्यांपासून निदान ५ मिमी दूर हवी, कारण पुण्याच्या पावसाळ्यात काचेला आतून दमटपणा धरतो आणि चिकटलेल्या टाक्यांवर बुरशी येते. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा, फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. खिडकीसमोरची जागाही नको. संग्रहालयांत अशा कापडांवर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात. त्या मानाने आपला हॉल फारच उजेडाचा.

प्रश्न : चंबा रुमाल (हिमाचलमधल्या चंब्याचा, रेशमाने भरलेला रुमाल) फ्रेम करावा का?

उत्तर : करा, पण मागे बोर्ड नको. दोरुखा टाक्यात न पिळलेले रेशीम दोन्ही बाजूंनी सारखेच भरतात, गाठ मारत नाहीत. एक बाजू झाकली की अर्धे काम झाकले. दोन काचांमध्ये, कडेने पट्टी देऊन बसवा.