आधी खोली बघ

बाबू,

काल मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर स्कूबाच्या टाक्या उतरवताना तू विचारलंस, ‘काका, मिया जावं काय?’ आणि उत्तराची वाट न बघता पगार सांगायला लागलास. तिकडे उत्तराखंडात औलीचं हॉटेल, जेवणखाण त्यांचं, वर बक्षिसी, सुट्टीच्या दिवशी स्की शिकायची सोय. सगळं सांगितलंस. झोपायचं कुठे, ते मात्र तुला माहीत नव्हतं. रात्रभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

बाहेरचं जग बघ वगैरे तुला सांगायची गरज नाही. तू ज्या घरात वाढलास तिथे कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर मुंबईला गेलेलंच आहे. तुझी अडचण वेगळी आहे. औलीला बर्फ डिसेंबरअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आणि आपली नाताळची, एकतीस डिसेंबरची गर्दी नेमकी त्यातच. दोन्ही सीझन एकमेकांवर चढतात. तिकडे गेलास तर इथला अर्धा सीझन बुडतो. परतल्यावर मे महिन्याची गर्दी तेवढी हाती लागते. बर्फ पडेलच असंही नाही. 2023 मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या, आणि त्याच जानेवारीत खाली जोशीमठात जमीन खचून घरांना तडे गेले, रोपवे बंद ठेवावा लागला. पाहुणे आले नाहीत की पगार कोण देणार, हेही विचारून घे. पण त्याच्या आधी खोली विचार.

मी औलीला गेलो तेव्हा मलाही पगारच दिसला होता. स्वयंपाकघरामागे पत्र्याची खोली, फळ्यांमधून वारा, अंथरुणाला कायम ओल. रात्री नळ गोठू नये म्हणून थेंबथेंब सुरू ठेवायचा, तरी पहाटे पाइप गोठलेलाच. उंची अडीच हजार मीटरच्या वर, पाणी कमी तापमानालाच उकळतं आणि डाळ कुकरशिवाय शिजत नाही, म्हणून पहाटेपासून कुकरपाशी उभं राहायचं. थंडी सोसत नाही म्हणून पोरं लोखंडी घमेल्यात कोळसे पेटवून दार घट्ट लावून घेत. एका सकाळी कुमाऊंकडचा एक मुलगा हाका मारून उठेना. उचलून बाहेर बर्फात आणला, बऱ्याच वेळाने शुद्धीवर आला. तू काँप्रेसरवर टाक्या भरतोस, हवा ओढणारी नळी इंजिनाच्या धुरापासून लांब ठेवतोस ना? तोच हा वायू, कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, आणि रक्ताला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पट घट्ट धरतो. बंद खोलीत कोळसा, शेगडी काहीही पेटलं तर तिथे झोपायचं नाही. कोणी हसलं तरी नाही. तुझ्या सोबत्यांनाही झोपू द्यायचं नाही.

तिथले उतार माझ्या डोळ्यांसमोर होते. सुट्टी असायची, भाड्याचे बूट मिळायचे, शिकवणारे स्थानिक मुलगे मायाळू होते. पण रात्र जागून काढलेल्या माणसाला सुट्टीत एकच गोष्ट सुचते. अख्खा सीझन बर्फात काढला आणि स्कीवर उभं राहायचं राहून गेलं. ते आजही सलतं रे. तुला वाटेल काका थंडीला घाबरलेला म्हातारा. घाबरलो नव्हतो. थकलो होतो.

पुढच्या हिवाळ्यात दुसरीकडे कमी पगारावर गेलो, कारण जोशीमठात एका कुटुंबाच्या घरी कोरडी खोली मिळाली. तेव्हा डोळे उघडून त्या गावाकडे बघता आलं. त्यांच्या घरी कुळीथ शिजायचा, गहत म्हणतात तिकडे. पहिल्या घासाला आईची पिठी आठवली. घरच्या आजीने मोजे विणून दिले. मालक कोण होता ते विसरलो, ती आजी विसरलेलो नाही.

इथे देवबागात माझ्या न्याहारी-निवासाची समुद्राकडची खोली मी कामाच्या पोरांना दिली आहे. त्यावरून मला लोक काय काय बोलतात ते तू ऐकलं असशील. एकतीस डिसेंबरला त्या खोलीला मागू तेवढं भाडं मिळेल आणि हा तिथे पोरं झोपवतो! बोलू देत. सीझनभर काम करणाऱ्याची पाठ पडवीत टेकायची आणि दोन रात्रींच्या पाहुण्याला खिडकी, हे मला जमत नाही. भाड्याचा हिशेब मलाही येतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की तीच पोरं घरी जातात आणि गणपती झाले की न बोलावता परत येतात. शेजारी दर सप्टेंबरला माणसं शोधत फिरतात. आता सांग, कोणाचा हिशेब चुकला?

तर पगाराची बोलणी बाजूला ठेव आणि त्या माणसाला आज फोन लाव. खोलीचे फोटो माग. पाहुण्यांच्या नको, कामगारांच्या. खोलीत किती जण, खिडकी उघडते का, ऊब कशाने, विजेने की कोळशाने, गादी कोणाची, आंघोळीला गरम पाणी कधी, संडास आत की बर्फातून चालत जायचं. फोनवर लाज वाटते म्हणशील. वाटू दे, पण विचार. तो टाळाटाळ करू लागला तर तेच उत्तर समज. मागच्या सीझनला तिथे कोण मुलगा होता त्याचा नंबर घे आणि त्यालाही हेच विचार, मालकाच्या माघारी.

खोली धड असेल तर पगार थोडा कमी असला तरी जा. तुझ्या बाबांशी मी बोलेन, ते रागावतील, पण माझं ऐकतील. फक्त उत्तर दिवाळीआधी दे. दिवाळीच्या सुट्टीत बोट भरून जाते, आणि तुझ्या जागी कोणाला घ्यायचं ते बोटवाल्यांना आधी कळलं पाहिजे.

तुझा,
काका