वाचक विचारतात : कुरव पांढराफट्ट, घार काळीठिक्कर

प्रश्न : हर्णैला मासळीच्या लिलावावर कुरव (सीगल) आणि ब्राह्मणी घारी घिरट्या घालतात. मी १५०-६०० लेन्स लावून शटर प्रायॉरिटीवर (शटर मी ठरवतो, बाकी कॅमेरा) १/२००० ठेवतो. पाण्यावरचा कुरव जळून पांढराफट्ट येतो, तर आभाळात चढलेली घार काळीठिक्कर. कॅमेरा मिररलेस आहे, नवाच आहे. उजेड मोजणारा मीटर बिघडला असेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : मीटर बिघडलेला नाही. चौकटीत सगळ्यात जास्त जागा पार्श्वभूमीने व्यापलेली असते आणि मीटर तिच्याकडे बघूनच निर्णय घेतो. मागे गडद पाणी आलं की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि कुरवाची छाती जळते. मागे पांढुरकं आभाळ आलं की तो कमी करतो आणि घार काळी पडते. पक्ष्यावर पडणारं ऊन मात्र दोन्ही वेळा तेवढंच असतं. तेव्हा एक्स्पोजर उन्हावरून ठरवा, मॅन्युअलवर ठेवा आणि पक्षी कुठेही गेला तरी त्याला हात लावू नका.

सकाळी नऊनंतरच्या स्वच्छ उन्हात एफ/८, १/३२००, आयएसओ ८०० इथून सुरुवात करा. (एफ/१६ ला जेवढा आयएसओ तेवढं शटर, हा फिल्मच्या काळातला हिशेब अजून चालतो.) कुरव पांढरा असल्याने शटर १/४००० करा. सूर्य नुकताच वर आला असेल तर आयएसओ १६०० ते ३२०० लागेल. झेब्रा (जळणाऱ्या भागावर पट्टे दाखवणारी सोय) १०० वर लावून ठेवा आणि कुरवाच्या छातीवर पट्टे जेमतेम दिसेनासे होतील तिथे थांबा. घारीचं डोकं पांढरं, अंग विटकरी. डोकं वाचलं पाहिजे, कारण अंगातला अंधार रॉ फाइलमध्ये स्टॉप-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सहज उचलता येतो, पण जळलेलं पांढरं परत येत नाही. ढग आला तर फक्त आयएसओचं चाक फिरवा.

मॅन्युअलवर जाऊनही घोळ तसाच राहिला तर ऑटो आयएसओ (कॅमेराच आयएसओ बदलतो ती सोय) चालू राहिलाय का ते बघा. बहुतेक वेळा तोच निघतो.

आणखी एक. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागून, जमिनीवरून येतो आणि पक्षी समोरून उजळतो. संध्याकाळच्या लिलावाला तो समुद्रावर असतो, म्हणजे प्रत्येक पक्षी उन्हाच्या आड. तेव्हा नुसत्या छायाकृती काढायच्या ठरवूनच जा. पिसांचा तपशील हवा असेल तर सकाळी या.

आणि कुरव जवळ यावेत म्हणून शेव-गाठिया उधळू नका. ते त्यांचं खाणं नव्हे, आणि चोचीत गाठिया असलेला फोटो कुणाला हवा असतो?

प्रश्न : गुहागरच्या वाळूत पालथं पडून चिखल्यांचे (किनाऱ्यावरच्या प्लोव्हर पक्ष्यांचे) फोटो काढते. फोकसचा चौकोन डोळ्यावरच असतो, शटर १/२५००, तरी अकराच्या सुमाराचे सगळे फोटो पिठूळ. लेन्स तपासून घेतली, दोष नाही म्हणाले.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोष तापलेल्या हवेचा आहे. वाळूलगतची हवा वरच्या हवेपेक्षा बरीच गरम होते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकतो, आणि लांब लेन्स ते वाकणंही मोठं करून दाखवते. जमिनीला चिकटून पाहिलं की प्रकाशाची सगळी वाट याच थरातून जाते. कोन सुंदर मिळतो, पण अकरा वाजता नाही.

खात्री करून घ्यायची तर पन्नास-साठ मीटरवरच्या एखाद्या स्थिर वस्तूचे, होडीच्या नावाच्या अक्षरांचे म्हणा, वीस फोटो सलग काढा. अक्षरांच्या कडा प्रत्येक फोटोत वेगळ्या नागमोडी दिसल्या तर हवा. विसांतही सारख्याच मऊ असतील तर फोकस किंवा लेन्स. जास्त मेगापिक्सेल किंवा १.४ एक्स टेलिकन्व्हर्टर (लेन्सची लांबी वाढवणारं जोडभिंग) यावर उपाय नाही. ६०० चे ८४० होतील, एफ/६.३ चा एफ/९ होईल आणि हवेच्या लाटाही तेवढ्याच पटीने मोठ्या दिसतील. उपाय एकच : अंतर कमी करा आणि ऊन तापायच्या आत उरका. कोरड्या वाळूपेक्षा ओल्या वाळूवर त्रास कमी होतो. गाडीतून काढत असाल तर एसी आणि इंजिन दोन्ही बंद करा, नाहीतर खिडकीतच थंड-गरम हवेची सरमिसळ होते.

पक्ष्यांमागे सरपटण्यापेक्षा भरती त्यांना तुमच्याकडे आणते. तिथीच्या पाऊणपट तास हा कोळ्यांचा हिशेब इथे कामी येतो : अष्टमीला सहाच्या, नवमीला पावणेसातच्या आसपास भरती. म्हणजे सूर्योदयाला पाणी वर, चिखल्या वरच्या वाळूवर आणि हवा थंड. त्या दिवसांत भांग असतो, पाणी फार चढत नाही, पण तेवढं पुरतं. उलट पुनवेला-अवसेला पहाटे ओहोटी असते, पक्षी पार लांब. आधी जाऊन पडून राहा, ते आल्यावर हलू नका.

प्रश्न : तारकर्लीला बोटीतून डॉल्फिन टिपताना ६०० मिमीवर शेपूट नाहीतर रिकामं पाणी मिळतं.
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : ६०० नको. २०० ते ३०० वर या. बाहेर आलेला डॉल्फिन शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात तो बुडालेला असतो. दोन्ही डोळे उघडे ठेवा, एकदा फोकस साधारण त्याच अंतरावरच्या पाण्यावर धरून ठेवा आणि फोकसचा छोटा झोन वापरा. प्राणी ओळखणारा फोकस लाटांच्या शेंड्यांवर भरकटत असेल तर बंद करा. कोपर बोटीच्या काठावर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट लेन्समध्ये येते. पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कापणारा फिल्टर) काढून ठेवा, तो दीड-दोन स्टॉप खातो. तांडेलाला इंजिन मंद ठेवायला सांगा आणि कळपाच्या वाटेत बोट घालू देऊ नका.

प्रश्न : समुद्री गरुडाचं घरटं सापडलंय. किती जवळून काढता येईल?
– एक वाचक, मालवण

उत्तर : काढू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. जागाही कुणाला सांगू नका. मासा पकडून परतणारा गरुड खाडीच्या तोंडाशी, घरट्यापासून दूर टिपता येतो.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. तांदळाच्या डब्यात ठेवू का?
– एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : तांदूळ नको, त्याची पूड झूमच्या फटीत शिरते. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, पाव किलो सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक आत ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. नारिंगी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरा. कॅमेऱ्याची बॅग ही साठवायची जागा नाही, तिचं अस्तर ओल धरून ठेवतं.

किनाऱ्यावरून आल्यावर आधी गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मलमलीने पुसा, मग कोरड्याने. आधीच कोरडं फडकं फिरवलंत तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. बाहेर सरकणारा झूम असेल तर तो लांबवलेलाच पुसा, मगच आत घ्या. एसीच्या खोलीतून बाहेर काढताना बॅग बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर समोरच्या काचेवर दव साठतं आणि सकाळचा पहिला तास ते पुसण्यातच जातो.